सोनेरी नांगराची टोपी

त्या गृहस्थाचं नाव मी विचारलं नाही. प्राणहितेच्या काठी डोंग्यात बसल्यापासून तो एकटाच बोलत होता. डोक्यावर जहाजाच्या सोनेरी नांगराची टोपी, हातात मोबाइल, आणि मोबाइलात कुठल्याशा दूरच्या बेटांभोवती शिडाच्या जहाजातून केलेली आठ दिवसांची सहल.

"शीड मी स्वतः ओढलं," तो म्हणाला. फोटोत दोर खलाशाच्या हातात होता आणि याच्या हातात शहाळं!

आमच्या डोंग्यात फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपतंच. मधल्या फळीवर बसेल त्यानं ते डब्यानं उपसायचं, ही इथली रीत. कुणी कुणाला सांगत नाही. त्या फळीवर हा ऐसपैस बसलेला, आणि उरलेल्या वीतभर जागेत मी. पाणी बुटांना लागलं तसे त्यानं पाय वर घेतले आणि पुढचा फोटो दाखवला.

"भाऊ, डबा घ्या. पाणी भरून राह्यलं," वल्हं मारणारा म्हातारा म्हणाला.

"आमच्या जहाजावर हात ओले करायची वेळच येत नसे," तो हसला. "सगळं नोकर करायचे."

म्हाताऱ्याचं वल्हं थांबलं नाही. "मंग तुमी कायचे दर्यावर्दी, भाऊ? तुमी तं सामान होते."

मी खो खो हसलो. असल्यांची जिरलेली पाहायला मला फार आवडतं.

म्हाताऱ्यानं पायानं डबा माझ्याकडे सरकवला.

"हे पावणे हायेत, मास्तर. तुमी तं दर सोमवारी येता. तुमी काऊन बसून राह्यले?"