मफिन रडत नव्हता

मंडळी, आज माझ्या हातून फार वाईट झालं. कॉम्प्युटर लॅबमधून या ग्रुपवर तुम्हालाच लिहितेय, इथे अमेरिकेत मराठीत सांगायला दुसरं कोणी नाही.

आमच्या प्रोफेसर मॅडम सुट्टीवर गेल्यात. त्यांचा कुत्रा मफिन माझ्याकडे आहे. शार-पेई जातीचा, अंगभर सुरकुत्या. मूळचे हे चीनमधले शेतावरचे राखणदार. तिकडे जवळजवळ संपलेच होते, हाँगकाँगहून थोडे अमेरिकेत आले म्हणून टिकले.

तीन दिवस त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, घरची आठवण येतेय. रोज कुशीत घेऊन मी त्याची समजूत काढायचे, "मलाही येते रे."

आज डोळाच उघडेना, तेव्हा व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "हा रडत नाहीये. सुरकुत्यांमुळे पापणी आत वळलीय, केस डोळ्याला घासतायत. लोकांना सुरकुत्या आवडतात, म्हणून ब्रीडर त्या वाढवत गेले. आधी का नाही आणलंत?"

डोळा वाचेल की नाही, उद्या कळेल.

संध्याकाळी मॅडमचा फोन येईल. काय सांगू त्यांना? त्याला दुखत होतं, आणि मी त्याच्या गळ्यात पडून माझंच रडून घेत होते?