ओल्या फळ्यांसाठी पानिपतच्या रस्त्याला

नोएडातल्या आमच्या गच्चीवर मी ओल्या फळ्या भर मेच्या उन्हात टाकल्या आणि चार दिवसांत त्या टोकापासून मधोमध तडकल्या. आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बोटाने चीर चाचपली. "जावईबापू, लाकूड वाळवलंत की भाजलंत?"

आप्पांनी कोकणात जन्मभर लहान होड्या बांधल्या. सासूबाई गेल्यावर माझी बायको सुलभा त्यांना इकडे घेऊन आली, पण त्यांनी बॅग काही रिकामी केली नाही. रोज तिच्यातूनच सदरा काढायचे आणि जेवताना विचारायचे, "तिकीट कधीचं मिळतंय?" गावच्या बंद घरात ते एकटे कसे राहणार, या काळजीने सुलभाची झोप उडाली होती. त्यांचे हात गुंतावेत, मन रमावं, म्हणून मी एका छोट्या होडीपुरत्या फळ्या आणल्या. तर हा उजेड पाडला.

रविवारी आम्ही दोघे निघालो. सोनिपतच्या पुढे एक आरा मशीन (लाकूड कापायची गिरणी) आहे, असं कळलं होतं. वाटेत ढाब्यावर पराठा, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा.

"पानिपतच्या अलीकडेच थांबू, आप्पा. आपल्या माणसांना पुढचं मानवत नाही."

आप्पा कितीतरी दिवसांनी हसले. आधी बाजूला सारलेलं लोणीही मग संपवलं.

गिरणीत शीशमचे (आपल्या शिसवाचा भाऊबंद) ओंडके पडले होते. मालक चौधरी म्हणाले, "सूखा माल अंदर है, बाऊजी. महीने में नाव तैयार!" मी खूश होऊन आत धावलो. बाहेर येऊन बघतो तर आप्पा नुकत्याच कापलेल्या फळ्यांपाशी. सरळ रेषांच्या, बिनगाठीच्या तेवढ्या बाजूला काढलेल्या. जळणाच्या ढिगातून दोन वाकड्या फांद्याही ओढल्या होत्या, होडीच्या बरगड्यांसाठी.

"ताऊ, ये तो गीली है. छाँव में सूखते-सूखते साल निकल जाएगा. ज़्यादा भी," चौधरींनी आप्पांना बजावलं.

"जाएगा तो जाने दो," आप्पा आपल्या हिंदीत म्हणाले.

मी शहाणा मधे पडलो. "आप्पा, कोरडी घ्या ना! वर्षभर कोण थांबणार?"

त्यांनी आणखी एक ओली फळी बाजूला काढली.

टपावर फळ्या बांधून परत निघालो. दिल्लीत शिरताना गाडी रहदारीत अडकली, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमच्या बाल्कनीत ऊन येत नाही ना?" तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. लाकूड काय, माणूस काय, मी दोघांनाही गच्चीवरच्या उन्हात टाकून लवकर वाळवायला निघालो होतो.

संध्याकाळी बाल्कनीत फळ्या रचल्या. मधून वारा खेळावा म्हणून प्रत्येक थरात पट्ट्या घातल्या, आणि ओल टोकांतून घाईने पळू नये म्हणून टोकांना भिंतीचा उरलेला रंग फासला. सुलभाच्या कपड्यांच्या दोऱ्या गेल्या. आता बोलणी बसणार, म्हणून मी घाईघाईने सांगून टाकलं, "वाळायला वर्ष तरी लागेल. आप्पांनीच निवडल्यात."

तिने वरच्या फळीवर तळहात दाबून धरला. आत आप्पा बॅगेतले सदरे कपाटात लावत होते. त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने ती म्हणाली, "अहो, चांगल्या ओल्या आहेत ना?"