मंद्रूपच्या माळावर नेमबाजीचा मुहूर्त

पुण्याहून निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "दसरा झाला की माणसं देवाला जातात, तुम्ही सोलापूरला कशाला निघालात?"

"बंदुका धुवायला," मी म्हटलं.

काकू पोट धरधरून हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. मी अगदी खरं सांगत होते.

माझी धाकटी बहीण कमळ सोलापुरात दिली आहे. तिचे यजमान विनायकराव तिथे वकिली करतात, आणि वकिलीतून उरलेल्या वेळात मंडळं काढतात. त्यांची वकिली फारशी चालत नसल्यामुळे मंडळं पुष्कळ निघाली. व्यायाम मंडळ निघालं, ते पहाटे उठावं लागतं म्हणून मोडलं. वाचन मंडळ निघालं, ते वाचावं लागतं म्हणून मोडलं. यंदा नेमबाजी मंडळ निघालं होतं, आणि शनिवार-रविवार मंद्रूपच्या माळावर त्याचं पहिलं शिबिर भरायचं होतं. सरकारदरबारी खेटे घालून विनायकरावांनी चार जुन्या रायफली आणि थोडी काडतुसं मिळवली होती. सोमवारी सकाळी त्या स्वच्छ करून ठाण्यात परत द्यायच्या, ही अट.

या सगळ्याशी माझा संबंध कमळमुळे. आमचे वडील जंगलखात्यात होते. घरात बंदूक असायची आणि ती धुण्यापुसण्याचं काम आम्हा बहिणींकडे. बंदूक आम्ही खोलली, धुतली, तेल लावून भिंतीला टांगली, पण बार काढायची वेळ आली की वडील म्हणत, "तुमचं काम झालं, आता आत जा." मी ते विसरले. कमळ विसरली नाही. तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली, तरी एकदा तरी आपल्या हातानं चाप ओढायचा ही तिची इच्छा तशीच राहिली. विनायकरावांनी तिला शब्द दिला होता की या शिबिरात तिलाही बार काढू देतील. म्हणून तिनं मला बोलावलं होतं.

सोलापूर स्टेशनावर गाडीतून उतरले तेव्हा गिरणीचा भोंगा वाजत होता आणि कामगारांचे लोंढे रस्त्यानं चालले होते. सकाळची वेळ, तरी ऊन असं की डोक्यावर कोणी तवा धरलाय. टांगेवाल्याला वकिलांचं नाव सांगितलं.

"हौ, बंदूकवाले वकीलसाब ना?" तो म्हणाला. "मालूम है बाई. पूरे गाँव कू मालूम है."

गावभर बोभाटा झाला होता तर. अजून एक गोळीही सुटली नव्हती.

घरी पोचले तर ओटीवर मंडळाची बैठक भरलेली. मंडळाचे चिटणीस विनायकराव, अध्यक्ष एक रावबहादूर. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. शिंपी नुकताच नव्या खाकी अर्ध्या विजारी देऊन गेला होता आणि सभासद त्या अंगाला लावून बघत होते. खळ इतकी कडक, की विजार जमिनीवर ठेवली तर आपोआप उभी राहिली असती. बैठकीत वाद चालला होता तो असा, की गोळी सोडायचा हुकूम संस्कृतात द्यावा की मराठीत. दुसरा वाद फोटोत कोणी कुठे बसायचं याचा. टोप्या आल्या होत्या, शिट्ट्या आल्या होत्या, पाण्याच्या बाटल्या आल्या होत्या, फोटोग्राफर ठरला होता.

"आणि रायफली?" मी विचारलं.

"त्या स्वयंपाकघरात," विनायकराव म्हणाले. "कमळ बघतेय."

कमळ बघत होती खरी. चारी रायफली कोठारातून आलेल्या, नळ्यांत घट्ट चिकट चरबी भरलेली. तशीच गोळी सोडली असती तर देवच रक्षण करो. कमळनं पदर खोचला होता, बंबात पाणी उकळत ठेवलं होतं, आणि नरसाळ्यानं नळीत आधण ओतत होती. खालच्या घमेल्यात पिवळी चरबी गळत होती. मी हातपाय धुतले आणि बसलेच तिच्या शेजारी. आधण ओतायचं, दोरीला चिंधी बांधून नळीतून ओढायची, चिंधी काळी निघाली की दुसरी बांधायची, पांढरी निघेपर्यंत. मग कोरडी करायची, आणि तेलाचा नुसता हात फिरवायचा. कमळनं प्रत्येक नळी उजेडाकडे धरून आतून बघितली. रेतीच्या पिशव्याही तिनंच शिवल्या होत्या. पुठ्ठ्यावर कागद चिकटवून, मधे काळा गोल काढून निशाणंही तिनंच केली होती.

ओटीवरून चहाची हाक आली. कमळ हात धुऊन उठली. सभासदांचे हात तेवढे स्वच्छ होते.

शनिवारी सकाळी भाड्याच्या मोटारीतून निघालो. विजापूरच्या रस्त्यानं गाडी दक्षिणेकडे चालली. दोन्ही बाजूंना काळी रानं, कुठे ज्वारीची पेरणी चाललेली, कुठे बाभळीखाली शेरडं. मंद्रूपच्या अलीकडेच रावबहादुरांनी "माळावर जवळच्या वाटेनं" म्हणून गाडी आडरानात घालायला लावली आणि ती चिखलात रुतली. सगळं मंडळ खाली उतरलं आणि एकमेकांना हुकूम सोडू लागलं. ढकलायला कोणी हात लावीना. विजारी नव्या होत्या ना! शेवटी शेजारच्या रानातून एक म्हातारी आणि तिचा मुलगा बैल घेऊन आले.

"कुटं निघालाय ओ एवढी मान्सं?" म्हातारीनं मला विचारलं.

"माळावर. बंदुका चालवायला शिकणार आहेत."

तिनं चिखलाकडे बघितलं, मंडळाकडे बघितलं. "आदी गाडी चालवाय शिका म्हनावं की," ती म्हणाली.

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

माळावर गावचे पाटील आणि निम्मं गाव वाट बघत होतं. मांडव घातला होता. बायकांनी कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वाटीवाटीभर दही पुढं ठेवलं. इकडे निम्मं बोलणं कानडीत चालतं. "बर्री अक्का, ऊटा माडरी" (या ताई, जेवून घ्या) असं म्हणत एकीनं माझं ताट भरलं. ती चटणी मी आजवर खाल्लेल्या सगळ्या चटण्यांत उत्तम. या प्रवासात जी काही चांगली माणसं भेटली ती मंडळाच्या बाहेरची.

जेवणं झाली, आणि मग पूजा निघाली. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली नाही, कारण तेव्हा शस्त्रंच आली नव्हती. तेव्हा ती आज. जाजमावर चारी रायफली मांडल्या. हळद, कुंकू, अक्षता, गुलाल. पाटलांनी हौसेनं प्रत्येक नळीच्या तोंडात झेंडूचं एक फूल खोचलं, देठ आत, फूल बाहेर. दिसायला छान दिसलं, खोटं कशाला बोलू? फोटोही निघाला. मग रावबहादूर मुहूर्ताचा बार काढायला उठले. पोटावर पालथं पडणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून उभ्यानंच. त्यांनी फूल धरून ओढलं. फूल हातात आलं, देठ आत राहिला. त्यांनी फूल मागे भिरकावलं, काडतूस घातलं आणि रायफल खांद्याला लावली.

"थांबा!"

कमळ ओरडली. नुसती ओरडली नाही, तर मांडवातून पळत जाऊन तिनं रावबहादुरांचा हात धरला. अख्ख्या गावासमोर, अख्ख्या मंडळासमोर. विनायकराव पांढरेफटक पडले. "कमळ! अगं, काय हे? माफी माग आधी!"

"मागते नंतर," ती म्हणाली. तिनं रायफल काढून घेतली, मागची खिटी खोलून काडतूस बाहेर काढलं आणि नळी आभाळाकडे धरून नवऱ्यासमोर केली. "दिसतंय का आभाळ? बघा ना!"

आभाळ दिसत नव्हतं. तिनं मागून गज घातला आणि कुंकवात माखलेला देठाचा बोळा बाहेर पडला. बाकीच्या तिन्हींतली फुलं ओढून पाहिली, तर त्यांचेही देठ आत राहिले; तेही तिनं गजानं काढले.

"बार उडाला असता तर नळी फुटून तोंडावर आली असती," मी म्हटलं. कोणीतरी बोलायला हवं होतं.

आता तुम्हाला वाटेल, मंडळानं कमळचे आभार मानले. छे! रावबहादूर म्हणाले, "मुहूर्त चुकला." पाटील खाली मान घालून उभे राहिले; त्यांची मला दया आली, त्यांनी फूल भक्तीनं खोचलं होतं. आणि विनायकराव कमळला हळूच म्हणाले, "सांगायचंच होतं तर बाजूला घेऊन सांगायचं." त्यांच्या डोक्यात काय भरलं होतं कोण जाणे. रावबहादुरांचा डोळा गेला असता तर बाजूला घेऊन काय सांगणार होती ती?

दुपारभर मग नेमबाजी चालली. तिला नेमबाजी म्हणायचं ते केवळ मंडळाच्या नावाखातर. एकानं डोळे मिटून चाप ओढला. एकाला खांद्यावर असा दणका बसला की त्यानं रायफल टाकून दिली. एकानं माळाच्या टेकाडावर धूळ उडवली आणि वारा आडवा होता म्हणून सांगितलं. वारा पानही हलवत नव्हता. निशाणाचे कागद सकाळी होते तसे कोरे करकरीत राहिले. बंदोबस्ताला आलेला हवालदार बाभळीखाली बसून रिकामी काडतुसं गोळा करत होता. "लई ग्वाड चाललंय," तो मला म्हणाला. "निशान सोडून समद्याला लागतंय."

कमळनं दोनदा नवऱ्याकडे बघितलं. विनायकराव म्हणाले, "उद्या." रात्री कंदिलाशी बसून चारी रायफली तिनंच धुतल्या.

रविवारीही तेच. दुपारी रावबहादुरांनी शिबिर यशस्वी झाल्याचं भाषण केलं, जेवण करून मंडळ मांडवात लवंडलं आणि घोरू लागलं. काडतुसं थोडी उरली होती. कमळ नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माझी पाळी?"

"अगं, आता सगळे झोपलेत. पुढच्या शिबिराला बघू. सभासदांत कुजबुज आहे, बायकांनी—"

"असू दे. मग आज मी रायफली धुणार नाही. उद्या अशाच काळ्या नळ्या ठाण्यात न्या आणि परवानगीचं काय होतं ते बघा."

विनायकरावांना घाम फुटला. बार काढलेली नळी तशीच ठेवली की गंज धरते, हे एव्हाना त्यांनाही कळलं होतं. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि रायफल तिच्या हातात दिली.

कमळ रेतीच्या पिशवीमागे पालथी पडली. लुगडं धुळीत, पदर कमरेला. पहिली गोळी टेकाडात गेली. तिनं हूं की चूं केलं नाही. खांदा सावरला, श्वास सोडला आणि पुन्हा चाप ओढला. मी धावत निशाणापाशी गेले. काळ्या गोलात, मधोमध नाही पण गोलात, भोक पडलं होतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी तिथूनच ओरडले, "कमळे, लागला गं!"

दोन बारांनी आणि माझ्या ओरडण्यानं मांडव जागा झाला. सभासद विजारी सावरत धावले. आणि ते येताना दिसले तसे विनायकरावांनी काय करावं? कमळच्या हातातली रायफल पटकन आपल्या हातात घेतली. चोरी पकडल्यासारखी.

"कोणी मारला?" रावबहादूर धापा टाकत म्हणाले. त्यांनी विनायकरावांच्या हातातली रायफल बघितली आणि त्यांना मिठीच मारली. "शाब्बास, चिटणीस! मंडळाची लाज राखलीत!"

विनायकरावांनी टोपी सरळ केली. निशाण काढून आणलं, त्यांच्या हातात दिलं, फोटो निघाला. कमळ अंगावरची धूळ झटकत बाजूला उभी होती. मी भांडायला निघाले तर तिनंच माझं मनगट घट्ट धरलं.

"म्या बगितलं की कुनी मारला ते," हवालदार माझ्यामागून पुटपुटला. "पर आमाला कोन इचारतंय?"

संध्याकाळी सोलापूरला घरी आलो. चारी रायफली स्वयंपाकघरात भिंतीशी टेकवल्या होत्या. कमळनं स्वयंपाक केला, मुलांना वाढलं, आणि पाटावर स्वस्थ बसली.

"अगं, रायफली..." विनायकराव म्हणाले.

"नेम तुमचा लागला ना? मग नळ्याही तुमच्याच. बंबात पाणी आहे."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं असावं. विनायकरावांनी बाह्या सरसावल्या. आधण हातावर सांडलं, बोटं पोळली, चिंध्या संपल्या तेव्हा त्यांनी आपला जुना पंचा फाडला. आम्ही दोघी बघत बसलो. मी उठायला लागले तर कमळ म्हणाली, "बस गं ताई. शिकू दे त्यांना."

सोमवारी ते मला पोचवायला स्टेशनावर आले. हाताला पट्टी, नखांत काळं.

"ताई, सकाळी रावबहादुरांकडे गेलो होतो. सांगितलं त्यांना, की नेम हिचा होता."

मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं. "मग? काय म्हणाले?"

"हसले," विनायकराव म्हणाले. "म्हणाले, बायकोवर जीव असावा माणसाचा, पण इतका नसावा."

गाडी हलली. कुर्डुवाडीला चहा घेतला तो कडू लागला. चहाचा दोष नसावा. दोन दिवस माझा सगळा राग विनायकरावांवर होता. आता तो कोणावर काढावा तेच कळेना. खोटं एका क्षणात खरं मानलं गेलं होतं, आणि खरं सांगायला माणूस स्वतःहून गेला तर त्याची गंमत झाली होती.

पुण्याला आले तेव्हा काकू दारातच होत्या. "झाल्या का बंदुका धुऊन? नेम कोणाचा लागला?"

"माझ्या बहिणीचा," मी म्हटलं.

काकू हसल्या, तशाच पोट धरधरून. हे वाचताना तुम्हीही हसला असाल तर खुशाल हसा. मंद्रूपच्या माळावर त्या पुठ्ठ्याला एकच भोक पडलं, आणि ते कमळनं पाडलं.