इंजिनाच्या टाळक्यावर नारळ

आमच्या होडीच्या इंजिनाची पूजा मी लई मनापासनं केली, आन् तवापासनं ते चालू व्हईना.

होडी पत्र्याची. तिच्या पोटात भंगारातल्या जीपचं पेट्रोल इंजिन बसवलेलं. ते माझ्यापेक्षा वयानं थोरलं, म्हणून मी त्याला अहो-जाहो करतो. खंडेनवमीला आपल्यात समद्या अवजारांची पूजा असती. माझ्या वडलांनी, आप्पांनी, कुदळ-खुरपी मांडली. मी म्हणलं, इंजिनानं काय पाप केलंय? पाइप लावून आंघोळ घातली, हळद-कुंकू वाहिलं, आन् नारळ फोडला तो थेट त्याच्या टाळक्यावर! (पुढ्यात फोडत्यात, हे आप्पांनी नंतर सांगितलं.)

त्याच सकाळी मंदाचा, म्हंजी माझ्या बायकोचा, झेंडू निघालेला. अर्धा एकर तिनं एकटीनं वाढवला. मी बांधावर उभा राहून ‘झ्याक आलाय’ म्हणायचो. क्रेट भरून होडीत चढवले. घोडनदीच्या पल्याड पुण्याच्या बाजाराला जाणारा पिकअप उभा, आन् तो अकराच्या पुढं थांबणार न्हाई. दसरा सरल्यावर झेंडूला शेळीबी हुंगत न्हाई.

चावी फिरवली. इंजिन घुरघुरतंय, पर पेटंना. पेट्रोल बघितलं, हाय. बॅटरी दणकट. मग मला लागली हौस, की ठिणगी नेमकी मरती कुठं? (शाळा मी चौथीत सोडली, पर वस्तू उघडायची हौस कवा सुटली न्हाई. परत जोडायची कवा लागली न्हाई.)

एक प्लग काढला, त्याची वायर लावून लोखंडाला टेकवला. आप्पांनी चावी मारली. ठिणगी न्हाई. मग आली कॉइलची पाळी, करंट तिथनंच निघतो. तिची वायर उपसून एका हातात धरली, दुसऱ्या हातात प्लग, आन् आप्पांना म्हणलं, मारा आता.

आप्पांनी मारली. माझ्या शेंडीपासनं अंगठ्यापर्यंत उजेड पडला! हातातला प्लग उडाला तो डुबुक करून नदीत.

“कॉइल चांगली हाय,” मी खाली बसून सांगितलं.

“कशावरनं?” आप्पांनी विचारलं.

“माझ्यावरनं.”

पल्याडनं पिकअपवाल्यानं हॉर्न दिला. क्रेटवर बसलेली मंदा उठली.

“अवो, काल चालत व्हतं न्हवं?”

“व्हय.”

“मग आज काय केलं त्याला?”

“काय न्हाई. पूजा केली.”

तिनं इंजिनाकडं बघितलं. कॉइलचा करंट एका काळ्या टोपीत जातो आन् तिथनं चार प्लगला वाटला जातो. त्या टोपीवरनं कुंकवाचे वघळ आलेले. तिनं दोन क्लिपा सोडून टोपी उचलली. आत लालभडक पाणी! मंदानं बोट बुडवून जिभेला लावलं.

“नारळाचं हाय,” ती म्हणाली.

पदरानं टोपी पुसली, फुंकली, उन्हात धरली, बसवली. नदीत गेलेल्या प्लगच्या जागी हत्यारांच्या डब्यातला मेलेला प्लग बूच म्हणून आवळला. कॉइलची वायर तिनंच जोडली, मी लांबनं बघितलं. चावी फिरवल्यावर इंजिन पेटलं, पर लंगडत, आन् होडी अशी थडथडली की झेंडू क्रेटमधनं उड्या मारायला लागला.

आप्पांनी कान देऊन निकाल दिला, “तीनच पेटत्यात. एवढं वजन ओढायचं न्हाई. कायतरी उतरवा.”

मी लगबगीनं क्रेट उचलायला वाकलो. वर बघतो तर मंदा क्रेटकडं न्हाई, माझ्याकडं बघत व्हती.

झेंडू येळेवर पिकअपात चढला. मी ह्या काठावरनं हात हलवत व्हतो. जो बिघाड मला सकाळधरनं सापडत न्हवता, तो मंदानं एका मिंटात होडीतनं खाली उतरवला.