वजन लिहायचं असतं

धायरीच्या आमच्या अंगणवाडीच्या बाईंनी तीस-पस्तीस वर्षांत, एक वेळ सोडली तर, एकाही मुलाचं वजन मोठ्यानं सांगितलं नाही. तुळईला टांगलेल्या काट्याच्या झोळीत मूल बसवायचं, काटा थांबेपर्यंत श्वास रोखून बघायचं, आकडा रजिस्टरात लिहायचा आणि रजिस्टर आईकडे फिरवून त्या आकड्याखाली बोट ठेवायचं. वाचता न येणाऱ्या आईला तक्त्यावरचा ठिपका रेघेच्या वर की खाली, एवढं दाखवायचं. पोराचं वजन चारचौघांत बोललं की दृष्ट लागते, अशी गावातल्या बायकांची पक्की समजूत होती. त्यामुळे सुरुवातीला कुणी पोर तोलायला आणतच नसे. बाईंनी समजूत खोडत बसण्यापेक्षा स्वतःचं तोंड बंद ठेवलं. "वजन बोलायचं नसतं, लिहायचं असतं," असं त्या म्हणायच्या, आणि मूल झोळीतून उतरलं की आपणच त्याच्या कानामागे काजळाची तीट लावायच्या. इतक्या स्वस्तात प्रश्न सोडवणाऱ्या माणसाचा आपल्याकडे सत्कार होत नाही. त्याच्याकडे स्लाइडवर दाखवण्यासारखं काही नसतं.

दुसरा नियम त्याहून कडक. अंगावरचं सगळं आधी उतरवायचं. वाळे, कमरेची साखळी, स्वेटर, टोपडं. एकदा गावातल्या बड्या घरची एक आजी नातवाला चांदीच्या कड्यांसकट झोळीत घालू लागली. बाईंनी झोळीच वर उचलून धरली. "आजी, मला पोर तोलायचं हाय. चांदी सोनाराकडं न्या." आजी आठवडाभर बोलली नाही, पण पुढच्या महिन्यात नातू उघडाबंब आला.

मीही त्याच झोळीत बसलेला आहे. तेव्हा धायरी गाव होतं आणि आमच्या घरी दोन म्हशी होत्या. त्यांचं दूध सायकलवरून शहरात रतीबाला जायचं, आमच्या चहालाही जेमतेम उरायचं. अंगणवाडीत सगळ्यांना शेंगदाण्याचा एक लाडू मिळे, मला दोन. दुसरा लाडू बाई समोर बसवून खायला लावत, घरी नेऊ देत नसत. मी बाईंचा लाडका, असा माझा समज होता आणि तो मी पुढे नोकरीला लागेपर्यंत मोठ्या अभिमानानं मिरवला.

मग गावाचं शहर झालं. आमचं वावर गेलं, म्हशी गेल्या, वावराच्या जागी बावीस मजले उभे राहू लागले. मी इंजिनिअर होऊन परदेशी मालकीच्या एका कंपनीत लागलो आणि काही वर्षांनी तिच्या समाजसेवेच्या विभागात गेलो. कंपनीनं आमचीच अंगणवाडी 'दत्तक' घेतली. हा शब्द मला आता चीड आणतो. दत्तक घेणारा निदान मूल घरी तरी नेतो. आम्ही भिंती रंगवल्या, एका भिंतीवर पृथ्वीचा गोल काढला, तुळईचा काटा काढून आकडा पडद्यावर दाखवणारं, कमी वजनाला लाल आणि पुरेशा वजनाला हिरवं होणारं यंत्र बसवलं. बाईंनी काटा घरी नेला. गोलाखाली बसायला आता गावातली मुलं फारशी नव्हती, ती इंग्रजी नर्सरीत गेली होती. बसत होती ती बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांतली, वाशीम-यवतमाळहून आलेल्या मजुरांची. बावीस मजले त्यांच्या आईबापांनी चढवायचे आणि त्यांनी गोलाखाली बसून टाळ्या वाजवायच्या, असा एकूण विकासाचा नकाशा होता.

त्यांतलीच कोमल. तीन वर्षांची, हाता-पायाच्या काड्या, डोळे मात्र टपोरे. तिचा ठिपका रेघेच्या पार खाली होता, म्हणून बाईंनी तिला खास यादीत घातलं होतं. यादीत असलेल्या मुलाला दिवसातून दोनदा जादा आहार आणि दर आठवड्याला डॉक्टर. ठिपका रेघेवर गेला की नाव यादीतून बाद.

आता आमची करामत ऐका. पहिलं वजन आम्ही एप्रिलात घेतलं, मुलं एकेका कपड्यावर, अनवाणी. दिवाळीनंतर कंपनीनं सगळ्यांना बूट आणि जाडजूड स्वेटर वाटले. डिसेंबरात दुसरं वजन घेतलं ते आमच्या स्वयंसेवकांनी, मुलं नव्या बुटांत आणि स्वेटरात छान दिसत होती तशीच. प्रत्येक मूल वाढलं. आलेख मी स्वतः काढला, सगळ्या रेघा वर जाणाऱ्या. कुणीही खोटं बोललं नाही, कुणीही आकडा बदलला नाही, आणि याचीच मला आजही सगळ्यात जास्त चीड येते. आम्ही पोरांच्या पायात बूट घातले आणि बुटांचं वजन मानवी विकास म्हणून परदेशी पाठवलं. कोमलचा ठिपका रेघेवर गेला. आमचे आकडे थेट वरच्या कार्यालयात गेले आणि तिथूनच नाव यादीतून कटलं.

बाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. बूट काढून परत तोला, एवढंच म्हणाल्या. मी आलेख पुन्हा पाहिला; वाढलेलं वजन बुटांचं आणि स्वेटरांचं होतं. विभागाच्या मॅडमना सांगितलं. "व्हिजिट होऊ दे, मग करेक्शन बघू," असं त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. मान डोलावण्याचाच पगार मला मिळत होता.

व्हिजिटच्या दिवशी मुख्य कार्यालयाचे पाहुणे आले, गोऱ्या कपाळांवर कुंकू लावून घेतलं. आलेखात सगळ्यात उंच उडी कोमलची, म्हणून तिलाच यंत्रावर उभी केली. बूट, स्वेटर, पाठीला आमच्या नावाचं दप्तर. पडदा हिरवा झाला. टाळ्या पडल्या. तिची आई कामावरची सुट्टी काढून दारात उभी होती, तिला वाटलं आपली पोर सुधारली.

बाई उठल्या. कोमलसमोर उकिडव्या बसल्या, एकेक बूट काढला, दप्तर उतरवलं, स्वेटर डोक्यातून ओढला, आणि पोरीला परत उभी केली. पडदा लाल झाला. तेव्हा बाईंनी जे कधी केलं नव्हतं ते केलं.

"आठ किलो सहाशे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "वय तीन वर्षं पुरी. लिहून घ्या."

कोमलच्या आईनं तोंडाला पदर लावला. बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही, कोमलच्या कानामागे तीट लावली.

पाहुण्यांनी मला विचारलं, बाई काय म्हणाल्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझं इंग्रजी चांगलं आहे, त्यावरच मी इथवर आलो. मी सांगितलं, बूट नवे आहेत, मळू नयेत म्हणून काढले, पडदा लाल झाला तो यंत्राचा दोष, आणि त्यांनी मुलीला आशीर्वाद दिला. पाहुण्यांनी कौतुकानं हात जोडले. बाईंना इंग्रजी येत नसेल, पण माझा चेहरा त्यांना लहानपणापासून वाचता येत होता.

पुढे ठरल्यासारखंच झालं. सहकार्य मिळत नाही म्हणून कंपनीनं दुसरी अंगणवाडी दत्तक घेतली. बाईंना वरच्या कार्यालयातून खुलासा मागणारं पत्र आलं. त्यांनी खुलासा एका ओळीत दिला, की मूल बूट काढून तोलतात. मग चार दिवस हेलपाटे घालून कोमलचं नाव परत यादीत चढवलं. पाचव्या दिवशी तिला आणायला गेल्या तर पत्र्याच्या खोल्या रिकाम्या होत्या. शेवटचा स्लॅब पडला होता, मुकादमानं माणसं दुसऱ्या साइटवर हलवली होती. कुठल्या, ते त्याला सांगता आलं नाही. बूट मात्र नेले होते, असं बाईंनी मला नंतर सांगितलं.

तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या. मी नोकरी सोडून त्यांच्याकडे गेलो, माफी मागायला. खरं तर त्यांनी मला झापावं म्हणून. त्यांनी चहा टाकला. मग ट्रंकेतून रद्दीत जाता जाता वाचवलेलं एक जुनं रजिस्टर काढलं, पान शोधलं, माझ्याकडे फिरवलं आणि एका आकड्याखाली बोट ठेवलं. शेजारी माझं नाव होतं. ठिपका रेघेच्या पार खाली.

"तुझ्या आईला बी एवढंच दाखवलं होतं," त्या म्हणाल्या. "दोन लाडू काय उगाच देत नव्हते तुला. तेव्हा कुणी तुला बूट घालून तोललं असतं, तर?"

चहा निवून गेला. निघताना मी वाकलो, तर त्यांनी लहानपणीसारखा माझ्या कानामागे अंगठा फिरवला. ती आमची शेवटची भेट. त्यानंतरच्या पावसाळ्यात बाई गेल्या.

त्या दिवशी खोलीत मला जे नीट सांगता आलं नाही, ते आता त्यांच्याच नियमानं लिहून ठेवतो. कोमल, वय तीन वर्षं, आठ किलो सहाशे. मी, वय तीन वर्षं, नऊ किलो दोनशे. दोघंही अनवाणी.