जिल्ह्याएवढा देश
लसूण घालून कुटलेल्या शेंगाचटणीचा वास आला की मला तो परदेशी पाहुणा आठवतो. युरोपातल्या एका चिमुकल्या देशाच्या सरकारनं त्याला बाहेरच्या कंपन्या आणायला पाठवलं होतं, आणि यंत्रमागांसाठी सॉफ्टवेअर करणारी आमची सोलापुरातली कंपनी त्याला हवी होती. खाली मागांचा खडखडाट चालला होता, वर आम्ही त्याच्याबरोबर जेवत होतो. जागा फुकट, कर माफ, फक्त ऑफिस तिकडं हलवा, असं त्याचं म्हणणं. त्या वर्षी कामं कमी झाली होती, त्यामुळं आम्ही सगळे मालकीणबाईंच्या तोंडाकडं बघत होतो. “एवढ्याशा गावात राहून तुम्ही मोठे कसे होणार?” हे त्याचं बोलणं मी त्यांना मराठीत सांगितलं, तशा त्या भाकरी मोडता मोडता थांबल्या. “पाव्हण्यांना इचार, तुमचा देश तर आमच्या जिल्ह्यापेक्षा लहान हाय. मग तुमी शेजारच्या मोठ्या देशात का न्हाय गेला ऱ्हायला?” मी एकही शब्द न गाळता विचारलं. तो लाल झाला आणि म्हणाला, “ते आमचं घर आहे.” बाईंनी चटणीची वाटी त्याच्याकडं सरकवली. “मग ही काय धर्मशाळा हाय व्हय?” आता सोलापुरातलं तेच ऑफिस मी चालवते. परवा एकजण पुण्याला चला म्हणत आला, तेव्हा मी त्याला आधी पोटभर वाढलं आणि मग विचारलं, तुमचं घर कुठं?