बूड असलेली जाळी

आमच्या घरात दोर वळायचे. केकताडाची पानं भिजवायची, बडवायची, त्यांचा वाख काढायचा. मग आबा एका टोकाला, आई दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये पीळ भरत जायचा. कासरे, दावी, शिंकी. सिरसाळ्याच्या बाजारात आई पोतं अंथरून विकायला बसायची. पुढं नायलॉनचे दोर आले, बैलं कमी झाली, आणि सकाळी नेलेले कासरे आई संध्याकाळी तसेच परत आणायला लागली. भाकरीबरोबर तिखट असायचं. भाजी काय, असं विचारायची सवय आम्हा भावंडांना लागलीच नाही. आम्ही मातंग. हे इथंच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. गावात ते सांगावं लागत नाही.

बारावीला बरे मार्क पडले आणि मी अंबाजोगाईला बी.ए.ला गेलो. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. उंची सहा फूट एक इंच. पहिल्याच आठवड्यात खेळाच्या सरांनी मला फाटकात अडवलं.

"बास्केटबॉल खेळलाय का कधी?"

"नाही सर."

"शिकशील."

एवढ्यावर मी संघात.

काम सोपं होतं. बॉल रिंगला लागून उडाला की उंच उडी मारून धरायचा आणि लगेच कॅप्टनला द्यायचा. समोरच्या संघातला सगळ्यात दांडगा पोरगा अडवायचा, त्याची कोपरं खायची. दोन वर्षं मी हे केलं, आणि चांगलं केलं. माझ्याएवढे बॉल जिल्ह्यात कुणी धरत नव्हतं, हे आजही कुणालाही तोंडावर सांगेन. पण बॉल धरून मी बास्केटकडं नुसतं बघितलं तरी सर बाहेरून ओरडायचे, "दे, दे, दे."

कुणी वाईट वागत होतं असं नाही. तेच तर डोक्यात जातं. कॅप्टन पालीचा, घरची मोठी शेती, वडील राजकारणात. त्याच्या घरी मी सगळ्यांच्या पंगतीत जेवलोय. त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून बीडला गेलोय. एका कपातला चहा आम्ही अर्धा अर्धा केलाय. बोट दाखवायचं तरी कुठं?

तिसऱ्या वर्षी रिंगच्या जाळ्या फाटल्या. नव्या काही येईनात. सर मला म्हणाले, "तुझे वडील दोर वळतात ना? दोन जाळ्या करून आण की." राग यायला पाहिजे होता, पण मला उलट बरंच वाटलं. आबांना मी हातानं घेर दाखवला. वर रुंद, खाली निमुळतं.

"म्हंजी शिंकंच की," आबा म्हणाले.

चार दिवसांत दोन्ही जाळ्या तयार. गाठ अशी की बैलानं ओढली तरी सुटू नये. आम्ही टांगल्या. कॅप्टननं पहिला बॉल टाकला. तो आत गेला आणि बाहेर आलाच नाही. आबांनी खाली बूड विणलं होतं.

पोरं मैदानात लोळायची तेवढी बाकी राहिली. "काय बे, ह्याच्यात बॉल ठिवायचा का ताक?" कॅप्टन म्हणाला. "मांजराच्या भ्यानं टांगलंय ते," दुसरा कुणीतरी. खांबावर चढून बॉल मी काढला. मीच का, हे कुणी विचारलं नाही, मीपण नाही.

नुसतं बूड कापलं तर सगळ्या गाठी उसवल्या असत्या. म्हणून दुसऱ्या दिवशी आबा स्वतः एसटीनं आले, शिडीवर चढले, बूड कापून कडा बांधायला लागले. पोरांना परत हसू फुटलं. आबा वरूनच म्हणाले, "बिनबुडाचं दिलं असतं तर तुमीच म्हणला असता, म्हातारं अर्धं काम सोडून पळालं." या वेळी मात्र सगळे आबांच्या बाजूनं हसले.

काम झाल्यावर ते लिंबाखाली बसून तासभर आमचा सराव बघत राहिले. मला वाटलं, खूश असतील. स्टँडकडं चालताना म्हणाले,

"जाळी चांगली बसली. पर तू कावून टाकीनास?"

"माझं काम वेगळं हाय, आबा. मी धरून द्यायचा."

"काम?" आबा रस्त्यातच थांबले. "खेळात बी काम वाटून दिलंय व्हय?"

एसटी लागली होती, ते चढून बसले.

त्याच महिन्यात सरांनी मला भित्तिपत्रकासाठी बास्केटबॉलचा इतिहास लिहायला सांगितला. ग्रंथालयात एक इंग्रजी पुस्तक सापडलं. माझं इंग्रजी कच्चं; मोबाइलवर शब्द बघत बघत एका पानाला अर्धा तास जायचा. पहिलीच गोष्ट कळली ती अशी, की हा खेळ सुरू झाला तेव्हा फळांच्या टोपल्या टांगल्या होत्या, बूड असलेल्या, आणि आत गेलेला बॉल वर चढून काढावा लागायचा. मी लगेच घरी फोन लावला.

"मग मी चुकलो न्हाई," आबा म्हणाले. "त्यायला बी बूड लागलंच की."

पुढचं प्रकरण अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांचं होतं. मोठ्या लीगमध्ये आधी काळ्या खेळाडूंना जागाच नव्हती. ते आपापले संघ करून गावोगाव खेळायचे. एकोणीसशे पन्नासच्या सुमाराला त्यांच्यातले पहिले काही जण लीगमध्ये घेतले गेले. काही शहरांत संघ एका हॉटेलात उतरायचा आणि यांना दुसरीकडं जावं लागायचं, जेवायला सगळ्यांबरोबर बसता यायचं नाही. याचं मला नवल वाटलं नाही. माझ्या आज्यानं हे सगळं सिरसाळ्यातच बघितलंय. पण त्याखालचा परिच्छेद मी चार वेळा वाचला. लीगमध्ये आल्यावर यांच्यातल्या काहींना सांगितलेलं असायचं: उडालेला बॉल तू धर, समोरचा दांडगा तू अडव, बास्केट टाकायला दुसरे आहेत. आपल्या जुन्या संघात हीच माणसं बॉल टाकून लोकांना वेड लावायची. आणि एका संघात काळे खेळाडू फार नकोत, हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण मालकांना पाठ होतं.

साता समुद्रापलीकडं, सत्तर वर्षांमागं, माझं काम कुणीतरी करत होतं.

मी ते जसंच्या तसं लेखात लिहिलं. सरांनी लाल पेननं तो परिच्छेद काढला. "टोपल्यांचं छान आहे. हे कशाला? उगं वाद होतात."

"सर, मला बॉल टाकायचाय."

त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "अरे, संघात घेतलंय ना तुला? एक तरी सामना बाहेर बसवलं का? अजून काय पाहिजे?"

घेतलंय ना. हे वाक्य मी शाळेत ऐकलं, वसतिगृहात ऐकलं. यापुढं बोलायला जागाच ठेवत नाहीत लोक. वर सर म्हणाले, "आणि तुझा हात बसलेला नाही." दोन वर्षं हातात बॉल टिकू दिला नाही, तर हात बसणार कसा? मी सकाळी सहाला एकटा मैदानावर जायला लागलो. बॉल बोर्डावर आपटायचा, रिंगवरून उडायचा, आणि धरायलाही मीच. बाकीच्यांचा हात एवढ्या दिवसांत तयार झाला होता. माझी आता कुठं सुरुवात होती. लई चीड यायची.

बीडच्या स्पर्धेत पहिला बॉल धरला. बाहेरून "दे, दे." मी टाकला. बोर्डाला लागून गेला बाहेर.

"येडा झाला का बे?" कॅप्टन.

दुसरा पण टाकला, तोही हुकला. सरांनी मला बाहेर काढलं. बाकावर बसून मी बघत होतो. आमच्यातल्या कुणाला एक बॉल धरता येईना, समोरचे सगळे लुटून नेत होते. थोड्या वेळानं सरांनी माझ्याकडं न बघताच हातानं आत जा म्हणून खूण केली.

कॅप्टन जवळ आला. "भावा, तू फक्त धरून दे."

"देतो. एकदा तू मला दे."

त्यानं दिला. प्रेमानं नाही, त्याच्या अंगावर दोघं होते आणि मी मोकळा उभा होतो. मला तेवढं पुरे होतं.

त्या सामन्यात मी सात वेळा बॉल टाकला, तीन आत गेले. सामना हरलो, आणि परतताना गाडीत माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही. त्या वर्षी अजून दोन सामने झाले. दोन्हींत मी बॉल टाकला. सरांनी "दे" म्हणून हाक मारली नाही. उन्हाळ्यात मी बी.ए. झालो.